उंदीर माणसासारखा खोकत नाही, तरी डांग्या खोकल्याची लस त्याच्यावर का तपासतात

तुझा प्रश्न असा की उंदराला माणसासारखा डांग्या खोकला होतच नाही, मग होल सेल लसीची (म्हणजे मारलेला अख्खा जंतू असलेल्या लसीची) पोटन्सी, म्हणजे ताकद, मोजायला त्याच्या मेंदूत जंतू टोचायची ही केंड्रिक टेस्ट अजून कशासाठी. शंका रास्त आहे, पण ही टेस्ट आजाराची नक्कल म्हणून मान्य झालीच नव्हती. अमेरिकन शास्त्रज्ञ पर्ल केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी ती 1947 मध्ये मांडली, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिल मुलांवर या लसींच्या मोठ्या ट्रायल घेत होतं, आणि त्यात दिसलं की ज्या लसी उंदराला या टेस्टमध्ये वाचवतात त्याच मुलांनाही वाचवतात. तिचं सगळं वजन या जुळणीमुळे आहे.

आता स्टँडर्ड म्हणजे काय ते बघ. चॅलेंज म्हणजे मेंदूत जिवंत जंतू टोचणं, आणि त्याचा स्ट्रेन (जंतूचा वाण) ठरलेला, 18323. लस पोटात टोचायची, साधारण 14 दिवसांनी चॅलेंज, मग पुढचे 14 दिवस किती मेले, किती जगले याची मोजणी, आणि पहिल्या तीन दिवसांत मेलेले धरायचे नाहीत कारण ते बहुतेक सुईच्या इजेने जातात. तरीही आजचे उंदीर आणि पुढच्या महिन्यातले उंदीर सारखे वागत नाहीत, म्हणून रेफरन्स लस, म्हणजे ताकद आधीच माहीत असलेली लस, प्रत्येक वेळी सोबत लावायचीच आणि आपल्या बॅचची ताकद तिच्या तुलनेत युनिटमध्ये काढायची, एका डोसला किमान 4 आंतरराष्ट्रीय युनिट. नुसतं "इतके टक्के उंदीर वाचले" याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. रिपोर्ट हातात आला की मी आधी लस न दिलेल्या कंट्रोल उंदरांचं टायट्रेशन बघतो, म्हणजे जंतूच्या कमी-जास्त डोसला त्यातले किती मेले ते; चॅलेंजच हलका पडला असेल तर वाईट लसही छान दिसते.

एसेल्युलर लसीला (जिच्यात अख्खा जंतू नसून त्याची निवडक प्रथिनं असतात) मात्र ही टेस्ट लावू नकोस, ती जुळणी होल सेलपुरतीच आहे. आणि संसर्ग पसरायचा थांबतो का, हे तर ती सांगतच नाही. ते बबून माकडांमध्ये कळलं, 2014 च्या अमेरिकन अभ्यासात एसेल्युलर लस दिलेले बबून आजारी पडले नाहीत पण जंतू घशात राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्यांना दिलासुद्धा.

उंदरांचे हाल होतात हे तुझं म्हणणं मला पटतं, मनापासून. अँटिबॉडी मोजणारी पर्यायी टेस्ट आहे, तुमच्याकडे व्हॅलिडेशनची, म्हणजे ती टेस्ट भरवशाची आहे हे सिद्ध करायची, सोय असेल तर क्यूसी (गुणवत्ता तपासणी) हेडकडे तो विषय जरूर काढ.