वाचकांचे प्रश्न : यहोशवातल्या नगरांच्या याद्या कशा वाचाव्यात?

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात तेराव्या अध्यायापासून एकविसाव्यापर्यंत इस्राएलाच्या वंशांच्या (यहूदा, शिमोन, दान वगैरे) वतनाची वाटणी आहे. (खाली १५:१ म्हणजे अध्याय १५, वचन १; पुस्तकाचं नाव नसेल तिथे यहोशवा समजावं. गणना, लेवीय, नहेम्या, १ इतिहास हीही बायबलमधलीच पुस्तकं.) बरेच जण नावांची रांग सुरू झाली की पान उलटतात. या वेळी आलेले प्रश्न नेमके त्या रांगेबद्दलचे आहेत, याचा आम्हाला फार आनंद झाला, कारण वाटणीचा खरा कागद तोच आहे.

प्रश्न : जमिनीची वाटणी म्हटली की आपल्याकडे क्षेत्र आणि चतुःसीमा लागतात. इथे नुसती गावांची नावं. एवढ्याने वाटणी कशी होते? (एक वाचक, अलिबाग)

वंशांच्या वाटणीत क्षेत्राचा आकडा खरोखरच कुठे नाही. चतुःसीमा मात्र आहेत. यहूदाच्या सीमा १५:१-१२ मध्ये झऱ्यापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत चालत गेल्यासारख्या सांगितल्या आहेत. पण सीमा शेजाऱ्याशी वाद होऊ नये म्हणून असते. आतलं वतन मोजायचं ते नगरांवर.

हे कसं केलं ते १८:१-१० मध्ये आहे. सात वंशांचा वाटा राहिला होता. प्रत्येक वंशाची तीन माणसं निवडली, ती देशभर फिरली, आणि त्यांनी नगरांप्रमाणे सात भाग करून ते लिहून आणले. मग शिलो इथे चिठ्ठ्या टाकल्या. क्रम लक्षात घ्या : आधी पाहणी आणि लेखी वाटे, नंतर चिठ्ठ्या. गणना २६:५२-५६ मध्ये नियम असा की ज्याची माणसं जास्त त्याला जास्त वतन, पण जागा कोणती ते चिठ्ठीवर.

नगर हे माप का, ते त्या भूमीकडे पाहिलं की कळतं. डोंगरउतार, तुटपुंजा पाऊस, शेती त्याच पावसावर आणि पिण्याचं पाणी झरा नाहीतर टाकं यांच्या भरवशावर. वस्ती आणि पाणी नसेल तर उतारावरची जमीन कोणाच्या हाती राहत नाही. म्हणून नगराचं नाव घेतलं की त्याची शेतं, द्राक्षमळे, चराऊ रान आणि खेडी त्यात आलीच. बहुतेक गटांच्या शेवटी ‘इतकी नगरं आणि त्यांच्याखालची खेडी’ असं येतं ते यासाठी. आपल्याकडे गावाचं नाव घेतलं की वरची वाडी, मधली वाडी, सुतारवाडी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत, तसंच हे.

दस्त म्हणून पाहिलं तर खेडी आणि नगर यांत आणखी एक महत्त्वाचा फरक आहे. लेवीय २५:२९-३१ प्रमाणे तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर ते सोडवून घ्यायला एकच वर्ष मिळतं, नंतर ते कायमचं गेलं. तट नसलेल्या खेड्यातलं घर मात्र शेतजमिनीसारखं धरायचं : ते केव्हाही सोडवता येतं आणि योबेल वर्षी (दर पन्नासाव्या वर्षी) मूळ घराण्याकडे परत जातं. म्हणजे कुळाच्या हक्काची भक्कम बाजू नगराच्या तटाबाहेर, खेड्यांत आणि शेतांत होती.

प्रश्न : यहूदाच्या दक्षिणेकडची नगरं ‘एकंदर २९’ असं लिहिलंय. मी मोजली तर ३६ भरली. चूक कोणाची? (एक वाचक, वसई)

तुमची मोजणी बरोबर आहे. हिब्रू पाठातली १५:२१-३२ मधली नावं सुटी सुटी मोजली तर ३६ होतात. हा फरक जुन्या भाष्यकारांनाही दिसला होता. यांतली काही नगरं पुढे शिमोनाकडे गेली म्हणून ती बेरजेतून वगळली, असं एक जुनं स्पष्टीकरण आहे.

शक्यता तपासायच्या तर जोडनावांपासून सुरुवात करा. यादीत शेवटी ‘ऐन’ आणि ‘रिम्मोन’ अशी दोन नावं दिसतात, पण नहेम्या ११:२९ मध्ये एन-रिम्मोन हे एकच गाव आहे. बैरशेबाच्या पुढे येणारं ‘बिज्योथ्या’ हे बहुधा नगरच नाही. नहेम्या ११:२७ मध्ये त्याच ठिकाणी ‘बैरशेबा आणि त्याखालची खेडी’ असे शब्द आहेत आणि प्राचीन ग्रीक भाषांतराचा पाठही तिकडेच झुकतो. नकलकाराने ती अक्षरं विशेषनाम समजून उतरवली असावीत. एवढं करून दोन कमी होतात, २९ होत नाहीत. तेव्हा आणखी एक गोष्ट धरावी लागते : यादी वापरात होती, तिच्यात नंतर नावं भरली गेली, आणि खालची बेरीज जुनीच राहिली. ज्यांनी दप्तरं हाताळली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

असे फरक इतरत्रही आहेत. तळवटीच्या, म्हणजे डोंगर आणि किनारा यांच्यामधल्या सखल टापूच्या, पहिल्या गटात (१५:३३-३६) नावं १५, बेरीज १४. शेवटची दोन, गदेरा आणि गदेरोथाईम, एकाच ठिकाणाची असावीत. शिमोनाच्या पहिल्या गटात (१९:२-६) नावं १४, बेरीज १३. इथे बैरशेबाच्या लगोलग ‘शेबा’ येतं, आणि १ इतिहास ४:२८ मधल्या त्याच यादीत ते नाहीच. इथे बेरीज बरोबर आहे आणि एक नाव चुकून दुणावलं असावं. बेरीज चुकली की लगेच पाठाला दोष देऊ नका. बेरीज हाच पाठ तपासण्याचा सर्वांत उपयोगी दाखला आहे.

प्रश्न : यहूदाच्या यादीत बेथलेहेम सापडत नाही. का? (त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

हिब्रू पाठात नाही. ग्रीक भाषांतरात १५:५९ नंतर ११ नगरांचा एक पूर्ण गट आहे, त्यात तकोवा आहे आणि एफ्राथा म्हणजेच बेथलेहेम आहे. आधीचा गट ‘सहा नगरं आणि त्यांची खेडी’ असा संपतो, हा गट ‘अकरा नगरं आणि त्यांची खेडी’ असा. नकल करताना डोळा पहिल्या शेवटावरून दुसऱ्यावर गेला आणि मधला गट गळला असावा. १९:१५ मध्ये बेथलेहेम सापडलं असं कोणी म्हणालं तर सावध राहा : ते जबुलूनाचं, उत्तरेकडचं वेगळं गाव आहे.

प्रश्न : एकच नगर दोन वंशांच्या वतनात कसं? (एक वाचक, दापोली)

कारणं एकसारखी नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी वेगळं पाहावं लागतं. बैरशेबा, मोलादा, हर्मा, सिकलाग ही नगरं यहूदाकडेही आहेत आणि शिमोनाकडेही. तिथे कारण पाठातच आहे (१९:९) : यहूदाचा वाटा त्याच्या गरजेपेक्षा मोठा होता, म्हणून शिमोनाला त्याच्या आत वतन दिलं. सरा आणि एष्टावोल यहूदाच्या तळवटीत (१५:३३) आहेत आणि दानाच्या यादीतही (१९:४१). दानाला ती भूमी टिकवता आली नाही, तो उत्तरेला लेशेमवर गेला, हे १९:४७ मध्येच आलं आहे. नंतरच्या यादीने ती यहूदाखाली घेतली असा अर्थ लागतो. यरुशलेम बन्यामिनाच्या यादीत आहे (१८:२८), तरी यबूशांना (तिथल्या आधीच्या रहिवाशांना) यहूदाला घालवता आलं नाही अशी नोंद १५:६३ मध्ये आहे. सीमा नेमकी त्या नगराच्या दक्षिण उतारावरून, हिन्नोमाच्या खोऱ्यातून काढली आहे, आणि त्या भागातलं तिचं वर्णन सर्वांत बारीक आहे. जिथे वाद तिथे तपशील जास्त.

सर्वांत सुंदर उदाहरण तप्पूहाचं (१७:८). तप्पूहाची जमीन मनश्शेची आणि सीमेवरचं तप्पूहा नगर एफ्राइमाचं. हेब्रोनाची तर दोन भागांत वाटणी आहे (२१:११-१३) : नगर आणि भोवतालचं चराऊ रान लेव्यांपैकी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशापैकी) याजकांना, आणि शेतं व खेडी यहूदा वंशातल्या कालेबाला. लेव्यांच्या ४८ नगरांना असं रान मिळालं. गणना ३५:४-५ मध्ये त्याचं माप तटापासून बाहेर १,००० हात आणि प्रत्येक बाजूला २,००० हात असं आहे. हात म्हणजे ढोबळ ४५ सेंटिमीटर, तेव्हा साधारण ४५० आणि ९०० मीटर. हे रान विकता येत नसे (लेवीय २५:३४).

प्रश्न : यादीत नाव म्हणजे ताबा होता असं समजायचं का? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. १३:१-६ मध्ये अजून हाती न आलेल्या प्रदेशाची यादी आहे. गेजेरातले कनानी (त्या देशाचे आधीचे रहिवासी) एफ्राइमाने घालवले नाहीत (१६:१०). एक्रोन, अश्दोद, गज्जा यहूदाच्या यादीत आहेत, पण त्या गटाला बेरीजच नाही (१५:४५-४७), आणि ती पलिष्ट्यांची, म्हणजे किनाऱ्याकडच्या दुसऱ्या लोकांची, नगरं होती. यादी हक्क सांगते.

यादी केव्हाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रदेशवार गट आणि बहुतेकांची बेरीज ही धाटणी राज्याच्या महसुली विभागांची वाटते. आल्ब्रेख्ट आल्ट यांनी १९२५ मध्ये ती योशिया राजाच्या काळात, इ.स.पू. सातव्या शतकात नेली. क्रॉस आणि राइट यांनी १९५६ मध्ये ती यहोशाफाट राजाच्या, इ.स.पू. नवव्या शतकाच्या काळाशी जोडली. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदात ‘राजाचे’ असा शिक्का मारलेले रांजण होते. त्यांवर हेब्रोन, सोखो, जीफ ही नावं येतात, आणि ही तिन्ही यहोशवा १५ मध्ये आहेत. आमचं मत असं की वंशांच्या हक्काची जुनी आठवण आणि राज्याचं दप्तर या याद्यांत एकत्र आलं आहे. एक धरून दुसरं टाकलं तर निम्मा मजकूर अनाथ होतो.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटाला या नगरांचा नकाशा करायचा आहे. कुठून सुरू करावं? (एक शिक्षिका, मालवण)

फक्त यहूदा घ्या. ए-थ्री कागद आणि १:२,५०,००० हे प्रमाण पुरतं. यरुशलेम ते बैरशेबा सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे कागदावर २८ सेंटिमीटर. आधी यादीतली चार शीर्षकं चार रंगांनी भरा : दक्षिण प्रदेश (१५:२१), तळवट (१५:३३), डोंगराळ प्रदेश (१५:४८), रान (१५:६१). मग ज्यांची जागा पक्की आहे तेवढीच शाईने लावा : हेब्रोन, लाखीश (तेल एद्-दुवेर; ‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड), अजेका, एक्रोन (तेल मिक्ने), एन-गेदी. बाकी सगळी पेन्सिलने, आणि एक-एक करून नाही, तर गटागटाने. एका गटातली नावं शेजारी असतात. १५:५५ मधली मावोन, कर्मेल, जीफ, युटा चारही हेब्रोनच्या दक्षिणेला एका टापूत बसतात.

इथेच पहिली चूक होते : हा कर्मेल समुद्राकाठचा कर्मेल डोंगर नव्हे. सोखो दोन आहेत, एक तळवटीत (१५:३५) आणि एक डोंगरात (१५:४८). रंग आधी भरलेले असले की हा घोटाळा टळतो. दुसरी चूक म्हणजे आजच्या गावाच्या नावावर विसंबणं. एक्रोनचं नाव अकीर या गावात टिकलं होतं म्हणून पूर्वी ते तिथे दाखवत, पण नगर तेल मिक्नेला होतं. १९९६ मध्ये तिथल्या शिलालेखात एक्रोन हे नाव मिळालं. वस्ती हलते, नाव तिच्यामागे जातं आणि टेकाड जागेवर राहतं.

एफ्राइम आणि मनश्शे यांच्या सीमा मिळतील, गावांची सलग यादी मिळणार नाही. ती जागा कोरी ठेवा, इतर याद्यांमधून उसनवारी करून भरू नका.

प्रश्न : सलाफहादाच्या मुलींना वतन मिळालं ते नावापुरतं की खरंच? (एक वाचक, अलिबाग)

मनश्शे वंशातल्या सलाफहादाला मुलगा नव्हता. त्याच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा या पाच मुलींचा हक्क गणना २७ मध्ये मान्य झाला. त्यांनी वंशातच लग्न करावं, म्हणजे जमीन दुसऱ्या वंशाकडे जाणार नाही, ही अट गणना ३६ मध्ये आली, आणि वाटणीच्या वेळी यहोशवा १७:३-६ मध्ये त्यांचा वाटा मोजला आहे. शोमरोनात, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीत, १९१० मध्ये इ.स.पू. आठव्या शतकातली लेख असलेली खापरं सापडली. त्यांवर द्राक्षारस आणि तेल कुठल्या भागातून आलं याच्या नोंदी आहेत. त्या भागांच्या नावांत नोआ आणि होग्ला आहेत, आणि मनश्शेच्या अबियेजेर, हेलेक, शमीदा या कुळांचीही नावं आहेत. मुलींची नावं जमिनीला लागलेली होती आणि त्या जमिनीचा माल राजधानीत येत होता.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल. आमची पेणकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावं गावांवरून आली. वंशांच्या वतनाशी याचं नातं आहे का? (एक वाचक, रेवदंडा)

थेट नाही. बेने इस्राएल म्हणजे कोकणातला ज्यू समाज. ही आडनावं कोकणातल्या मुक्कामाच्या गावांवरून पडली. शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या तुमच्या पूर्वजांचा धंदा आणि शनिवार पाळण्याची रीत त्या नावात आहे. आडनावातल्या गावावरून जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही, वंशही ठरत नाही.

पण गाव आणि घराणं एकमेकांत कसं मिसळतं, हे पाहायचं तर १ इतिहास २:४२-५५ यहोशवा १५ च्या शेजारी ठेवून वाचा. तिथे शोबाल हा किर्याथ-यारीमाचा बाप आणि सल्मा हा बेथलेहेमाचा बाप म्हटला आहे. जीफ हे यादीतलं नगर तिथे कालेबाच्या वंशावळीत येतं. वंशावळीतली अशी नावं यादीतल्या नगरांशी लावून पाहिलीत, तर कोणतं कुळ कुठल्या नगराभोवती वसलं होतं ते तुमचं तुम्हाला काढता येईल.