देवावर राग येतोय, म्हणजे श्रद्धा संपली का?

हा प्रश्न मला खूप जण विचारतात आणि विचारताना फार अपराधी वाटत असतं त्यांना. हडपसरच्या एका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मिस्टरांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, नोकरी सुटली, घराचे हप्ते मात्र चालूच. ताईंनी गुरुवारचा उपास सोडला, दिवा लावणंही बंद केलं, त्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच त्याला गुण येत नाहीये." तिथे त्या पार कोसळल्या.

पूजा परत सुरू करा असं मी अजिबात म्हटलं नाही. एक रिकामी खुर्ची समोर ठेवली, म्हटलं, देवाला जे बोलायचंय ते इथे बोला. आधी नुसत्या रुमालाची घडी घालत, मोडत बसल्या, मग एकदम, "दरवर्षी पालखीला चहा वाटला ना रे मी? तेव्हा दिसत होते, आता नाही दिसत?" आणि खूप रडल्या.

मग मी तुकोबांचा विषय काढला. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि ते विठ्ठलाशी अभंगांतून चक्क भांडले. अहो, भांडतो आपण ते आपल्याच माणसाशी ना.

संकटानंतर माणूस आतून वाढू शकतो हे टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडलं, पण ती वाढ दुःखामुळे आपोआप होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, आणि प्रत्येकाची व्हायलाच हवी असंही नाही. म्हणून दुःखात असलेल्याला "देव परीक्षा बघतोय" असं प्लीज सांगू नका.

या ताई मिस्टरांना फिजिओला न्यायचं म्हणून स्कूटी शिकल्या. तिथे नवीन पेशंटच्या बायकांना आता त्याच दाखवतात, उठवताना कंबरेला आधार द्यायचा, लुळा हात धरून ओढायचा नाही, खांद्याला इजा होते. दिवा रोज लावत नाहीत अजून, लावला की मागत काही नाहीत म्हणे, दिवसभरात काय झालं ते सांगतात फक्त. मला ही श्रद्धा जास्त खरी वाटते.

एक मात्र, दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर नुसत्या श्रद्धेवर सोडू नका, डॉक्टरांना भेटा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.