बेदाण्याच्या फोटोतले पांढरे ठिपके घालवायला गॉसियन ब्लर लावला तर दाण्यांच्या कडाही पुसट होतात. दुसरं काय वापरावं?

मीडियन फिल्टर लावा, ३ बाय ३ च्या खिडकीने, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी तो आणि भोवतीचे आठ यांची मधली किंमत. गॉसियन सरासरी काढतो आणि सरासरी बिघडवायला एकच पिक्सेल पुरतो. समजा नऊ पिक्सेलच्या उजळपणाच्या किमती (० काळा, २५५ पांढरा) ५१, ५२, ५२, ५३, ५३, ५४, ५४, ५५ आणि मध्येच एक २५५. साधी सरासरी जाते ७५ वर. क्रमाने लावून मधली घेतली तर ५३. ठिपका गायब, दाणा आणि ट्रेमधली कड जागेवर. सांगलीत बेदाण्याच्या प्रतवारीच्या कॅमेऱ्यावर मी हेच वापरतो. पण देठ मोजायचे असतील तर जपून: एक पिक्सेल जाडीची सरळ काडी नऊपैकी तीनच पिक्सेल व्यापते, म्हणजे मीडियन तिलाही ठिपक्यासारखी पुसतो. आणि ठिपके नसून कमी उजेडातला रवाळपणा असेल, तर पेरोना-मलिक यांची १९९० ची पद्धत बघा, ती कडेपाशी आल्यावर धूसर करणं आवरतं घेते. रुडिन, ओशर, फातेमी यांची १९९२ ची टोटल व्हेरिएशन पद्धतही चालेल, ती चित्रातले एकूण चढउतार कमी करते; फक्त जोर जास्त झाला की सुरकुत्या सपाट होऊन बेदाणा प्लॅस्टिकचा दिसतो. त्याआधी ट्रेवर एक दिवा वाढवून बघा.