गोव्यात चार दिवस: मन न मारता आणि वजन न वाढवता कसं खावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा महिने घाम गाळून ७ किलो उतरवलेत, सीमारेषेवरची साखर जरा खाली आली आहे, आणि आता मित्रांबरोबर चार दिवस गोव्याला जायचंय. बाकीचे चापत असताना आपण काकडी चघळत बसायचं का?

मी मूळची सातारची. लग्न होऊन फोंड्याला आले त्याला २२ वर्षं झाली. दर मे महिन्यात माहेरची दोन तरी बिऱ्हाडं आमच्याकडे उतरतात, त्यामुळे सुट्टीवर आलेली माणसं काय आणि कशी खातात हे मी अगदी जवळून बघितलंय. नवऱ्याला मधुमेह आहे, म्हणजे मोजूनमापून खाणंही घरात रोजचंच. तेव्हा आधी काकडीचा अनुभव सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझा दादा आला होता, तुमच्यासारखाच नव्याने बारीक झालेला. सोबत डबा: फुटाणे, ओट्स, काकड्या. दुपारी आम्ही सगळे खाणावळीत थाळीवर बसलो आणि हा गाजर-काकडीचे काप पुढ्यात घेऊन आमच्या ताटांकडे बघत राहिला. वहिनीने तिसऱ्यांची एक शिंपली पुढे केली तर "नको, मोह नको" म्हणाला. दोन दिवस हेच. तिसऱ्या रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात उजेड. फ्रिजचं दार सताड उघडं, दादा ओट्याला टेकून उभा, आणि सासूबाईंनी कुणाला तरी द्यायला आणून ठेवलेल्या बेबिंकचा अर्धा खोका फस्त. "चव बघत होतो गं," म्हणाला. बेबिंक म्हणजे नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, साखर, तूप आणि मैदा. एकेक थर भाजत चढवलेला. जेवणानंतर दोन बोटांएवढा तुकडा सगळ्यांबरोबर बसून खाल्ला असता तर विषय तिथेच संपला असता.

त्यानंतर आमच्या घरी पाहुण्यांसाठी एकच नियम आहे: जे तुमच्या गावात मिळतं ते इथे खायचं नाही. हॉटेलच्या नाश्त्याला मांडलेली इडली, पुरी-भाजी, केक, डब्यातला रस. किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या बटाट्याच्या सळ्या, नूडल्स, पनीर बटर मसाला. हे सगळं तुमच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडे मिळतं, आणि बहुधा बरं मिळतं. एवढं बाजूला काढलं की खाण्यातला निम्मा भार आपोआप उतरतो आणि काही सोडल्यासारखंही वाटत नाही. कारण राहिलं ते खरं गोव्याचं, आणि ते तुम्ही खाणारच आहात.

आता थाळी. गोव्यात खरं जेवण दुपारचं. एक वाजता जा, दोननंतर चांगला मासा संपतो. पर्यटकांच्या रस्त्यावरची चकाचक जागा सोडा. बँकेतली, पंचायतीतली माणसं जिथे जेवायला शिरतात तिथे शिरा. वाढपी विचारेल, "उकडें काय सुरय?" उकडं म्हणजे साळीसकट उकडून मग सडलेला लालसर जाड तांदूळ, सुरय म्हणजे आपला पांढरा. बहुतेक पाहुण्यांना प्रश्न कळत नाही, ते मान डोलवतात आणि पांढरा येतो. तुम्ही उकडं सांगा. उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, लाल कोंडाही थोडा राहतो, आणि दाणा इतका दांडगा की चावूनच खावा लागतो, म्हणून हात आपोआप सावकाश चालतो. पांढऱ्या भातापेक्षा उकड्यावर साखर हळू चढते, हे नवऱ्याच्या यंत्रावर आम्ही कितीदा पाहिलंय. अर्थात तीन मुदी हाणल्या तर तांदूळ कुठलाही असो. वाढपी फिरून फिरून भात घालायला येतो, "पुरो" म्हणायला शिका. तो शब्द चार दिवसांत फार उपयोगी पडेल.

ताटात बाकी काय असतं ते बघा: हुमण म्हणजे माशांची कढी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (कोरडी कोशिंबीर), एखादी भाजी (तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, मिळाली तर नशीब), सोलकढी, लोणचं आणि एक तळलेला तुकडा. मला विचाराल तर डाएटवाल्या माणसाने यात चिंता करण्यासारखं फारसं काही नाही. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, ओमेगा ३ त्यांच्यात भरपूर, आणि थाळीतले सगळ्यात स्वस्तही तेच. पाहुणे मात्र इसवण (आपली सुरमई) आणि पापलेटच मागतात. बांगड्याच्या हुमणात तिरफळं पडलेली असतात. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची, नाहीतर जीभ बधिर होते. माझी पहिल्या आठवड्यात झाली होती आणि सासरचे पोट धरून हसले होते. सांभाळायचं असेल तर किसमूर आणि लोणचं: सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब असेल तर चिमूटभरच. नारळ एका वेळेला ठीक. रात्री पुन्हा रस्सा हवासा वाटला तर आंबट-तीक मागवा. नावाप्रमाणे आंबट आणि तिखट, त्यात नारळ पडत नाही. सोलकढीचंही तसंच, नारळाचं दूध नको असेल तर फुटी कडी आहे का विचारा, ती नुसत्या कोकमाच्या पाण्याची.

आणि तळणीचं काय? रवा लावलेला तुकडा कढईत तेल पिऊन येतो हे खरं, पण तो न खाता गोव्यातून परत जायचं हे मला तरी सांगवणार नाही. एक तुकडा खा, ताजा, गरम, लिंबू पिळून. बिघडतं ते संध्याकाळी शॅकवर, जेव्हा गप्पांच्या नादात मधोमध तळलेल्या कालवांची, सुंगटांची, बोंबिलांची ताटं फिरत राहतात आणि कुणी किती खाल्लं याचा हिशोबच राहत नाही. तिथे मी रेशाद बांगडा मागवते. पोटात लाल मसाला भरून तव्यावर परतलेला अख्खा मासा, काटे काढत खायला अर्धा तास लागतो. काट्यात गुंतलेला हात दुसऱ्याच्या ताटात जात नाही.

सकाळचं सोपं आहे. साडेसहाच्या सुमाराला पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर भोंगा वाजवत येतो. तुमचा मुक्काम गावात असेल तर ऐकू येईलच. त्याच्या टोपलीत पोई नावाचा पाव असतो: कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ. ती घ्या, पण भ्रमात राहू नका: वरचा कोंडा बघून अख्खी गव्हाची समजू नका, आत बऱ्याचदा मैदाही असतो. एक पोई आणि पातळ भाजीच्या दोन वाट्या असा बेत ठेवा. वाटाण्याची किंवा चवळीची ती भाजी कुठल्याही टपरीवजा हॉटेलात मिळते. "मिक्स" मागितलंत तर त्यात बटाट्याची सुकी भाजी घालून देतात, ती नको. शेजारच्या काचेच्या कपाटात बन्स असतात, केळ्याचे, गोडसर, तळलेले. एकाचे दोन भाग करून अर्धा मित्राला द्या.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलं नाही. असाल तर शॅककडे फिरकू नका, तिथे तुमच्या नशिबी तेच पनीर. फोंड्याकडे देवळांच्या आसपास या. खतखतें (मिश्र भाज्यांचा रस्सा), मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याचा रस्सा), नीरफणसाच्या फोडी असलं काही मिळालं तर मासे खाणाऱ्यांना तुमचा हेवा वाटेल.

आता ज्यावर पाहुणे बोलत नाहीत ते. चार दिवसांत वजन वाढतं ते बहुतेक ग्लासातून. मार्च ते मे आलात तर कुणीतरी उर्राक पुढे करणारच, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. फेणी दुसऱ्या धारेची आणि बरीच कडक. दारूच्या एका ग्रॅममागे ७ कॅलरी, तुपाला ९, यावरून अंदाज घ्या. पण उर्राकमध्ये खरी चलाखी करतो तो लिंबाचा गोड सोडा: अशा पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि उन्हात तीन बाटल्या कधी संपतात कळत नाही. साधा सोडा, ताजं लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. इथली जुनी मंडळी मिरची घालूनच पितात. आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी घेऊच नका. आधी डॉक्टरांना विचारून या. काही गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली जाते आणि आजूबाजूच्यांना वाटतं गडी जरा जास्त प्यायलाय. आमच्या घरी हे एकदा घडलंय. साखर वर आणायला त्याच गोड सोड्याची बाटली कामाला आली.

दुपारचं जेवण नीट झालं असेल तर रात्री फारसं लागत नाही. पणजी-मडगावकडे असाल तर गाड्यावरचं रॉस ऑम्लेट घ्या: अंड्यावर शाकुतीचा म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा, सोबत पाव. पाव एकच घ्या. आधी किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालून या, भरती-ओहोटी बघून. मी मुद्दाम व्यायाम म्हणून सांगत नाही, तिथे तुम्ही तसंही चालणारच.

१ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा "ताजा इसवण" असं कुणी म्हणालं तर हसून मान डोलवा आणि नदीतला मासा किंवा तिसऱ्या आहेत का विचारा.

परत जाताना शुक्रवार मिळाला तर म्हापशाचा बाजार करा. बेबिंक न्या, पण ऑफिसात वाटायला, आणि खोका वाटेत फोडू नका. स्वतःसाठी दोन किलो उकडा तांदूळ आणि कोकमं घ्या. घरी तो तांदूळ नेहमीच्या भातासारखा दोन शिट्ट्यांत होणार नाही. रात्री भिजत घाला, सकाळी भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा आणि वरचं पाणी ओतून टाकू नका. थोडा भात त्यातच ठेवून पेज करा, अकराच्या सुमाराला, कैरीच्या लोणच्याबरोबर.