रात्रीच्या फोटोंत लाल-निळे ठिपके येतात. सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) गेला का?

बहुधा नाही. सेन्सर बदलायला दुकानदाराला लगेच होकार देऊ नका. दिवसाचे फोटो स्वच्छ येतात, पण गडावर ट्रायपॉड लावून ३० सेकंदांचे जे फोटो काढले त्यांतच लाल, निळे, हिरवे ठिपके आहेत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हे हॉट पिक्सेल असावेत, म्हणजे लांबलेल्या फोटोत उजेड नसतानाही चमकणारे सेन्सरवरचे बारीक बिंदू. ते थोडेफार प्रत्येक कॅमेऱ्यात असतात, नव्याकोऱ्यातसुद्धा.

आधी खात्री करून घ्या. लेन्सला झाकण लावा, फोकस मॅन्युअलवर टाका (नाहीतर अंधारात बटण दाबून दाबून बोट दुखेल, शटर काही पडणार नाही). आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) गडावर होता तेवढाच ठेवून एक फोटो १/६० सेकंदाला आणि एक ३० सेकंदांचा काढा. दोन्ही कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून बघा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका, कधी कधी स्क्रीनचाच पिक्सेल गेलेला असतो. फोटो सरकवला तरी ठिपका जागचा हलला नाही, तर दोष स्क्रीनचा.

३० सेकंदांच्या काळ्या फोटोत ठिपके नेमके गडावरच्या फोटोतल्याच जागी दिसले आणि १/६० ला दिसले नाहीत, तर प्रश्न मिटला: हॉट पिक्सेल. दोन्हींत दिसले तर तो पिक्सेल कायमचा अडकलाय. झाकण लावल्यावर सगळंच गायब झालं तर सेन्सर निर्दोष, भानगड लेन्सची किंवा उजेडाची. रस्त्यावरचा दिवा फोटोत असेल आणि त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला हिरवा ठिपका असेल, तर तो फ्लेअर, म्हणजे लेन्सच्या काचांत परावर्तित झालेला उजेड. कॅमेरा जरा फिरवला की तोही सरकतो. धूळ रंगीत नसते. तिचे करडे, धूसर डाग एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) आकाशाचा फोटो काढलात की दिसतात.

रंग का, तर सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, ही कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची मांडणी. तिचं पेटंट १९७६ चं. बाकीचे दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांकडे बघून ठरवतो. उजेड नसला तरी उष्णतेमुळे पिक्सेलमध्ये थोडा विद्युतभार झिरपतच असतो, आणि काही पिक्सेल जरा जास्तच गळके असतात. गळका नळ क्षणभरात थेंबही टाकत नाही, पण बादली ठेवून विसरलात तर भरते, तसंच. लाल फिल्टरखालचा पिक्सेल असा भरला की कॅमेऱ्याला वाटतं तिथे लाल दिवा आहे, आणि तो शेजाऱ्यांनाही लाली वाटतो. म्हणून झूम केल्यावर एक टिंब न दिसता बारीक अधिकचिन्ह दिसतं. जेपेगमध्ये (दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये) ते आणखी फिसकटतं. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की ही गळती दुप्पट होते, त्यामुळे डिसेंबरात गडावर कमी आणि मेमध्ये कोकणात जास्त ठिपके येणारच.

उपाय फुकटचे आहेत. मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन सुरू करा. मग प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. अर्थात प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ. ताऱ्यांच्या रेषा टिपत असाल तर हे बंदच ठेवा, नाहीतर रेषा तुटक येतील. त्याऐवजी शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगला थोडे काळे फोटो घ्या, तिथेच, त्याच गारठ्यात, आणि सॉफ्टवेअरमध्ये वजा करा. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर लाइटरूम हे सॉफ्टवेअर यातले बरेचसे ठिपके न सांगता पुसून टाकतं.

पक्का इलाज म्हणजे पिक्सेल मॅपिंग: खराब पिक्सेलची नोंद करून कॅमेरा त्याच्याऐवजी शेजाऱ्यांची सरासरी वापरतो. ऑलिम्पसच्या मेनूत ही सोय फार पूर्वीपासून आहे. तुमच्या मेनूत नसेल तर सर्व्हिस सेंटरला करून मिळेल का, विचारा.

एक अपवाद सांगतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला असेल, आणि त्यानंतर अचानक ठिपके किंवा फोटोभर आडवी-उभी रेघ यायला लागली असेल, तर सेन्सर खरंच भाजलाय. रेघेला मॅपिंग पुरत नाही. तेव्हाही खर्चाचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून घ्या. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी असेल तर सेन्सर बदलण्यापेक्षा सेकंडहँड बॉडी स्वस्त पडू शकते.