हट्ट नव्हे, घरातलाच प्रश्न

पाटणहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं. तिला भूकंपाचा अभ्यास करायचाय, खडकांच्या घर्षणाची मॉडेलं बनवायचीत. ‘भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, मग शिकून उपयोग काय? आम्ही कॉम्प्युटर ठरवलंय. तिची समजूत घाला.’

दादा, ‘आम्ही ठरवलंय’ हे पत्रात तीनदा आलंय. मुलीच्या वाट्याला एकच ओळ, ‘हट्ट धरून बसलीय’. मला काळजी वाटली ती याची. त्याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात तुमच्या आईचं घर पडलं, आणि आजीकडून ते ऐकतच ही पोर मोठी झाली. मग याला हट्ट कसं म्हणता? तिची समजूत मी घालणार नाही.

भाकीत करता येत नाही म्हणून अभ्यास फुकट, हा समज मात्र काढून टाका. विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधा आणि खरबरीत फरशीवरून सावकाश ओढा. पट्टी ताणत जाते, वीट ढिम्म. मग एकदम झटका देऊन पुढे येते, पुन्हा अडकते. जमिनीतल्या जुन्या भेगेच्या दोन बाजू अशाच अडकतात आणि झटक्याने सरकतात, त्यातूनच भूकंप होतो, हे ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलं. पुढे डीटरिच आणि रुइना यांनी त्याला समीकरणात बसवलं: खडक किती वेगाने सरकतोय आणि त्याआधी किती काळ टेकून होता, यावर घर्षण ठरतं. भेगेत पाण्याचा दाब वाढला की पकड ढिली होते. कोयनेच्या जलाशयामुळे तिथे भूकंप होतात का, हा प्रश्न इथेच येतो. कुठला भाग अडकलाय आणि सुटला तर हादरा केवढा बसेल, याचा अंदाज धरण आणि इमारती बांधताना लागतो. आणि यातलं बरंचसं काम कॉम्प्युटरवर, प्रोग्रॅम लिहूनच चालतं.

वाटा नेहमीच्याच: आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, जेईईतून आयआयटी, नाहीतर फिजिक्समध्ये बीएस्सी करून जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा.

पीएचडीशिवाय इथे भागत नाही आणि पगार उशिरा सुरू होतो. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा, तिचा विचार बदलावा म्हणून नव्हे. कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा आहे, जमिनीत खोल भोक पाडून भूकंपाचा अभ्यास करणारी. कोयनेतल्या गोठणे गावी त्यांनी ३ किलोमीटर खोल विवर खणलंय. पत्र पाठवून भेटीची परवानगी मागा आणि तिला घेऊन जा.

त्याआधी एका संध्याकाळी ती वीट तिलाच ओढू द्या, तुम्ही शेजारी बसून प्रश्न विचारा. आजींनाही बोलवा. आणि मला पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.