वाचकांचे प्रश्न : मुलांना घेऊन कुठे जावे, कसे जावे?

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की या सदराकडे सहलींविषयीची पत्रे वाढतात. या वेळी नाशिक शहरातून आलेली चार पत्रे घेतली आहेत आणि उत्तरांतली ठिकाणेही नाशिक जिल्ह्यातलीच आहेत.

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. दर सुट्टीत एक दिवस काढून आम्ही गाडीने सगळी ठिकाणे करतो; पण दुपारपर्यंत मुले कंटाळतात, मोबाइल मागतात आणि घरी पोहोचेपर्यंत आम्हा नवरा-बायकोतही खटका उडालेला असतो. मुलांना इतिहासाची गोडी लागावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमचे काय चुकते?

उत्तर : ‘सगळी ठिकाणे करतो’ हे तुमच्या पत्रातले शब्द मी दोनदा वाचले आणि अडचण तिथेच आहे असे मला वाटते. पाच वर्षांच्या मुलीच्या वाट्याला अशा दिवसात येते ते गाडीत बसणे, उतरणे, चपला काढणे, रांगेत उभे राहणे आणि पुन्हा गाडीत बसणे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्हीही रामकुंड, काळाराम, सोमेश्वर आणि त्र्यंबकेश्वर असा बेत एकाच दिवसात बसवला होता. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत तो माझ्या खांद्यावर झोपून गेला. गाभाऱ्यासमोर त्याला हलवून जागे केले, तेव्हा डोळे चोळत त्याने एवढेच विचारले, ‘‘आता चप्पल घालायची का?’’ तेव्हापासून आमच्या घरी एका दिवसाला एकच ठिकाण हा नियम आहे आणि तोच मी तुम्हालाही सुचवते.

तुमच्या घरापासून जवळ असलेली पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी लेणी, हेच ठिकाण पहिल्यांदा घ्या. सकाळी लवकर निघा, कारण पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत आणि लहान पावलांना त्या उन्हाआधी चढलेल्या बऱ्या. एकदा वर पोहोचलात की लेण्यांची तोंडे उत्तरेकडे असल्यामुळे ओसऱ्यांत सावली मिळते. लेणी चोवीस आहेत. ती सगळी पाहण्याचा आग्रह धरू नका. तिसऱ्या आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत प्रत्येकी अर्धा तास बसलात, तरी दिवस सार्थकी लागला असे समजा.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली धिप्पाड यक्ष कोरलेले आहेत. जमिनीतून अर्धेच वर आलेले हे यक्ष तुळयांची टोके खांद्यावर घेऊन सगळी ओसरी पालखीसारखी उचलून उभे असल्यासारखे दिसतात. मुलीला त्यांच्यासमोर उकिडवे बसवा आणि कोणाला भार जास्त झाला आहे, ते चेहरे पाहून सांगायला लावा. तिला एवढा इतिहास पुरे आहे. याच लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख आहे. एका आईने आपल्या मुलाचे पराक्रम दगडावर कोरून ठेवले आहेत, हे मुलांना सांगताना तुम्हालाही आवडेल.

मुलासाठी मात्र दहावे लेणे राखून ठेवा. क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख तिथे आहे आणि त्यात चक्क एक गणित दडलेले आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यावर महिन्याला शेकडा एक या दराने व्याज मिळायचे आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते. वही-पेन्सिल बरोबर न्या आणि हिशेब मुलालाच करू द्या. महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस! सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या वहीत जुळलेला पाहून दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा कसा खुलतो, ते मी पाहिले आहे. गोवर्धन नावाचे गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे, हेही परतताना त्याला सांगा.

दोघांच्या वयात अंतर आहे, म्हणून आई एकाबरोबर आणि वडील दुसऱ्याबरोबर अशी वाटणी करावी. दोन्ही मुलांना एकच गोष्ट ऐकवायला गेलात की दोघेही कंटाळतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी, मात्र डबा पायथ्याशी येऊनच उघडावा. पायथ्याजवळच्या फाळके स्मारकाचा मोह त्या दिवशी टाळावा. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांसाठी तिकीट लागत नाही, तेव्हा पुन्हा यायला काहीच हरकत नाही.

मुलाला नहपान लक्षात राहिलाच, तर पुढच्या सुट्टीत त्याला त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात न्या. ही संस्था १९८० साली सुरू झाली असून भारतीय नाण्यांचा इतिहास तिथे मांडलेला आहे. निघण्यापूर्वी वेळेची चौकशी तेवढी करून घ्या. जाताना गाडीत त्याला जोगळटेंभीची गोष्ट सांगता येईल : नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. हरलेल्या राजाच्या मुखवट्यावर जिंकलेल्या राजाची खूण, ही लढाईची बातमी त्या काळी अशी हातोहात गावोगावी पोहोचत असे.

प्रश्न : माझे वय ७१ आहे, पंचवटीत राहतो. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून चौथीतला नातू येतो. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे गड-किल्ले जमत नाहीत. दरवर्षी त्याला मॉलमध्येच नेतो आणि मग माझे मलाच वाईट वाटते. काय दाखवू?

उत्तर : आजोबा, आपल्याला आणि नातवाला दोघांनाही मानवेल असे ठिकाण डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात नेमके बहरात असते. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातल्यामुळे पाणी पसरले, गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो पक्षी तिथे उतरू लागले. चढ नाही, फार चालणे नाही. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या नको वाटल्या तर काठावर बसूनही भरपूर दिसते.

उजाडता उजाडता पोहोचावे लागते आणि निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तिथला पारा कित्येकदा एक आकडी होतो, म्हणून दोघांनीही कानटोपी आणि स्वेटर घालूनच निघावे. फक्त भडक रंग टाळावेत. दुर्बीण एकच असेल तर ती नातवाच्या गळ्यात घालावी.

पक्ष्यांची लांबलचक यादी त्याच्याकडून पाठ करून घेऊ नये. दोन पक्षी पुरेत. पहिला वारकरी : अंगाने काळाभोर आणि चोचीपासून कपाळापर्यंत पांढरा टिळा लावल्यासारखा. तो थव्याने पाण्यावर तरंगत असतो. त्याला हे नाव का पडले असावे, हे नातवाला एकदा विचारून पाहा, उत्तर तोच देईल. दुसरा चक्रवाक : नारिंगी-बदामी रंगाचा, बहुधा जोडीने बसलेला. लडाख-तिबेटकडच्या उंच प्रदेशात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यापुरता आपल्या गोदावरीवर येतो. पुण्याहून नाताळपुरता येणाऱ्या नातवाला त्याच्याविषयी आपलेपणा वाटेल, असे मला वाटते.

निफाड हा द्राक्षांचा तालुका आहे, त्यामुळे येता-जाता दोन्ही बाजूंना बागा लागतात. बागेत परवानगीशिवाय शिरू नये आणि वेलीवरचा मणी तोडून मुलाच्या तोंडात देऊ नये, कारण फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसते. विकत घेतलेली द्राक्षेही घरी आणून नीट धुऊनच द्यावीत.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर सिन्नर आहे. तिथल्या गारगोटी संग्रहालयात आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक पाहायला मिळतात आणि गोंदेश्वराच्या मंदिरात तोच काळा कातळ कारागिरांच्या हाती पडल्यावर काय होतो ते दिसते. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. आवारात मुख्य मंदिराभोवती चार छोटी मंदिरे आहेत, ती नातवाला मोजू द्यावीत. आपण सावलीत निवांत बसावे.

प्रश्न : सप्तशृंगी आमची कुलदेवता आहे. सहा वर्षांच्या मुलीला घाटात हमखास उलटी होते. त्यामुळे दोन वर्षे गडावर गेलेलो नाही. घरातले म्हणतात, मुलगी नाटक करते.

उत्तर : मुलगी नाटक करत नाही, हे आधी घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. वळणावळणाच्या रस्त्यावर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतो आहोत’ असे सांगत असतो, तर पुस्तकाकडे, मोबाइलकडे किंवा पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहणारे डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. या विसंगतीमुळे मळमळते आणि साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त होतो.

निघण्यापूर्वी तासभर आधी तिला थोडेसे, तेलकट नसलेले खायला द्या. रिकाम्या पोटीही त्रास होतो आणि भरपेट मिसळ खाऊनही होतो. गाडीत सुगंधी फवारा मारू नका, काच थोडी खाली ठेवा आणि तिला समोरचा दूरचा डोंगर पाहायला सांगा. नांदुरीला घाट सुरू होण्यापूर्वी थांबून तिला दहा मिनिटे मोकळे चालू द्या. गाडी चालवणाऱ्यांनी वळणावर वेग आवरला तर निम्मा त्रास कमी होतो, हे मी अनुभवाने सांगते. औषध द्यायचेच असेल तर तिच्या वजनाप्रमाणे ते बालरोगतज्ज्ञांनीच सांगावे. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. गडावर पोहोचल्यावर पायऱ्या चढण्याइतकी ताकद तिच्यात राहिली नसेल तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची, म्हणजे चढावरच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीची, सोय आहे. ट्रॉलीने गेलात म्हणून दर्शनात काही उणे राहत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात दिरांनी आमच्या मुलांना इगतपुरीकडच्या एका धबधब्याखाली नेले. मी विरोध केला, तर ‘तू मुलांना भित्रे बनवतेस’ असे सगळ्यांसमोर ऐकावे लागले. माझे चुकले का?

उत्तर : तुमचे मुळीच चुकले नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला तरी वर डोंगरात तो कोसळत असतो आणि पाणी काही क्षणांत वाढते. पाणी गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहत येणे, आवाज बदलणे, यांतले काहीही दिसले-ऐकले की चपलांकडेही न पाहता बाहेर पडावे, हे मोठ्यांना माहीत असले तरी गुडघाभर पाण्यात शेवाळलेल्या दगडावर उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलाला ते जमणार नाही. म्हणून मुलांना धबधबा लांबूनच दाखवावा, यावर मी कोणाशीही तडजोड करणार नाही.

पाणी कसे वाढते, हे मुलांना समजावण्यासाठी आपल्या नाशिककरांकडे फार जुनी मोजपट्टी आहे. पूर ओसरल्यावर, घाट कोरडा झाला की त्यांना गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीपाशी न्या. पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशी पुराची चर्चा नाशिकच्या घराघरांत होते. तुमच्या मुलाला मूर्तीशेजारी उभे करा आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही मूर्ती पाण्याखाली गेली होती, एवढेच सांगा. मान वर करून तो आपल्या डोक्यावर किती पाणी होते ते पाहील. दिरांनाही त्या वेळी बरोबर न्यायला हरकत नाही.

राहिला प्रश्न मुलांच्या भिजण्याचा, तर तो हट्ट अगदी रास्त आहे आणि तो जरूर पुरवावा. जुलैमध्ये इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते. ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून मुलांना तासभर खाचरात उतरू द्या. घोट्यापर्यंत चिखल, वरून पाऊस, हातात रोपांची जुडी! रोप किती खोल खोचायचे ते आवणी करणाऱ्या मावशी दाखवतात आणि पोरांच्या वाकड्या ओळी मागाहून सरळही करतात. जाताना कपड्यांचा जादा जोड आणि टॉवेल घ्या. मुलांना खाचरात बांधावरूनच उतरवा, म्हणजे आधी लावलेली रोपे तुडवली जाणार नाहीत.